मुंबईच्या जंगलाचं म्युझियम उघडायचं झालं, तर दारात काय ठेवाल?

पागोळी | शुक्रवार, रात्री १०:१२

लेक आठवीत आहे. शाळेतून प्रकल्प आलाय : आपल्या शहरात नसलेलं एखादं संग्रहालय उद्या उघडतंय असं समजा आणि त्याचं माहितीपत्रक तयार करा. वर्गातल्या पोरांनी क्रिकेट, लोकल, वडापाव असे विषय पटापट लंपास केले. आमच्या बाईसाहेबांनी घेतलं जंगल.

घरातून बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो (कांदिवली पूर्व, दोन टॉवरच्या फटीतून, पण दिसतो). २०२४ मध्ये कारवी फुलली तेव्हा तिला आत घेऊन गेले होते. आठ वर्षांतून एकदाच फुलते म्हटल्यावर तिने तिथेच बोटं मोजली, पुढच्या फुलोऱ्याला मी कॉलेजात असेन म्हणाली. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. प्रकल्पाला नाव दिलंय 'मुंबईचं जंगल कोणी राखलं?'

मला वाटलं दोन पानांत उरकेल. माझ्या डोक्यात शाळेत घोकलेलं एवढंच होतं की इंग्रजांनी तोडलं, मग कायदे आले, मग वाचलं. पण लिहायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडलो. फोर्टातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं काचेआड उभी आहेत, भायखळ्याच्या म्युझियममध्ये जुन्या मुंबईची मॉडेलं आहेत. शहराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल जिवंत कसं काय उरलं, हे सांगणारं दालन मात्र मी कुठे पाहिलेलं नाही.

तर मंडळी, असं म्युझियम उघडलंय असं धरा. दारातून आत शिरल्यावर पहिली वस्तू कोणती दिसावी? एकच सांगा, आणि का ते सांगा. सोमवारी वही द्यायची आहे, म्हणजे रविवार रात्रीपर्यंत मुदत.

बाभूळकाटा | शुक्रवार, रात्री १०:२०

तिकीट खिडकी. वर पाटी : सुट्टे पैसे द्यावेत. हलके घ्या.

जुना_बोरिवलीकर | शुक्रवार, रात्री १०:४१

वनराणीचा एक डबा ठेवा. रंगवलेला नको, पावसाने पोपडे उडालेलाच हवा. आमच्या चाळीतली निम्मी पोरं त्या गाडीत बसून पहिल्यांदा जंगलात गेली. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळाने रुळांची वाट लावली आणि गाडी थांबली, ती बातमी वाचून मी दुपारचा झोपलो नव्हतो.

आम्ही लहानपणी नॅशनल पार्क म्हणत नसू. कृष्णगिरी उपवन म्हणायचं. कृष्णगिरी, कान्हगिरी, कान्हेरी, सगळा एकच काळा दगड.

एक विनंती. सिंहाचा फोटो दारात लावू नका. सिंह इथला पाहुणा, पिंजऱ्यातून आलेला. घरमालक बिबट्या. माझ्या नातवाला अजून वाटतं की बोरिवलीत पूर्वी सिंह फिरायचे.

पागोळी | शुक्रवार, रात्री १०:५५

काका, सिंहाचं लेकीनेही लिहिलं होतं. खोडलं.

गलबत | शुक्रवार, रात्री ११:०५

मी दारात जहाज ठेवीन. निदान जहाजाची एक फळी.

इंग्लंडात हार्टलपूल नावाच्या बंदरात 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. बांधली कुठे? मुंबईच्या गोदीत, वाडियांनी, १८१७ साली. लाकूड मलबारचा साग. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडातला ओक संपत आला होता. शिवाय ओकाच्या आंबटपणाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने टिकतात. त्यामुळे आरमाराची नजर पश्चिम किनाऱ्यावरच्या सागावर गेली. १८१३ ची 'कॉर्नवॉलिस'ही इथलीच. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला तो तिच्यावर, आणि हाँगकाँग गेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी घाटातलं झाड कुठे जाऊन साक्षीला उभं राहिलं बघा.

सांगायचा मुद्दा असा की मुंबई हे जंगल राखणारं शहर फार नंतर झालं. आधी ते जंगल खाणारं शहर होतं. दारातच हे कबूल करून टाकलं की पुढे बोलायला सोपं जातं.

वाचनखूण | शुक्रवार, रात्री ११:३०

वाचनखूण साठवली. भारी धागा.

दप्तरदार | शनिवार, सकाळी ८:३४

सुट्टी आहे, चहा समोर आहे, त्यामुळे लांबेल.

गलबत यांचं बरोबर आहे, पण साग तोडून तोडून संपायला लागला तेव्हाच 'राखणं' हा शब्द सरकारच्या तोंडी आला. मुंबई इलाख्यात जंगलांवर पहिला कॉन्झर्व्हेटर (वनसंरक्षक) नेमला तो १८४७ साली, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. पेशाने डॉक्टर, त्याआधी पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. अख्ख्या हिंदुस्थानचं वनखातं त्यानंतर १७ वर्षांनी, १८६४ मध्ये, ब्रँडिस या जर्मन माणसाच्या हाताखाली सुरू झालं. म्हणजे या बाबतीत मुंबई पुढे होती. गिब्सन कंपनीला कळवत होता की डोंगर उघडे पडले की झरे आटतात. कंपनीला झऱ्यांपेक्षा सागात रस होता. पुढे १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी कुऱ्हाडी आणखी धारदार झाल्या.

मग कायदे. १८६५, १८७८ आणि १९२७. यातला १८७८ चा सगळ्यात कळीचा. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा वाटण्या झाल्या आणि काल गावाचा जो हक्क होता तो आज सरकारची सवलत झाला. सवलत कधीही काढून घेता येते.

आता पागोळीताईंच्या लेकीच्या प्रश्नाकडे. बोरिवलीचं जंगल गिब्सनने नाही राखलं, सागानेही नाही. ते राखलं पाण्याने. बेटावरच्या विहिरी आणि तळी वाढत्या शहराला पुरेनात. १८५६ ला विहार तलावाचं काम सुरू झालं, १८६० ला पुरं झालं, इंजिनिअर हेन्री कॉनिबेअर. पाठोपाठ १८७९ ला तुळशी. तलावाचं पाणी स्वच्छ हवं असेल तर त्यात उतरणारा डोंगर स्वच्छ हवा. तिथे वस्ती, नांगर, वखारी नकोत. त्या दोन तलावांच्या पाणलोटाला हात लावायचा नाही असं ठरलं, त्यामुळे शहर चहूबाजूंनी वाढत गेलं आणि मधला डोंगर तसाच राहिला. कुणाचं पाखरांवर प्रेम होतं म्हणून नव्हे. मलबार हिलवाल्यांना प्यायला पाणी हवं होतं म्हणून.

माझं मत : दारात नळ ठेवा. जुना, पितळी, चावीचा. चालू ठेवा.

फुकटफौजदार | शनिवार, सकाळी ९:०२

म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. जंगल इंग्रजांनीच राखलं. आपल्या हातात असतं तर एव्हाना विहारच्या काठाला 'लेक व्ह्यू' टॉवर उभे असते.

बाभूळकाटा | शनिवार, सकाळी ९:०४

पवईला आहेत की. तिथे कुठे इंग्रज आले होते.

लेणीवेडी | शनिवार, सकाळी ९:४०

फौजदारसाहेब, एकदा पावसाळा संपता संपता कान्हेरीला जाऊन या. शंभरहून जास्त लेणी आहेत. मूर्ती नंतर बघा, आधी पायाखाली बघा. खडकात कोरलेले पन्हळ दिसतील, आणि लेण्यालेण्यापाशी पाण्याचं टाकं. तिथल्या ब्राह्मी लेखांत त्या टाक्याला शब्द आहे 'पोढी'. कुणा व्यापाऱ्याने लेणं दिलं, सोबत पोढी दिली, असे लेख कोरलेले आहेत. डोंगरावरचं पाणी जागच्या जागी धरायचं शहाणपण तिथे कॉनिबेअरच्या आधी दीड हजार वर्षांहून जास्त काळ होतं.

नळाला माझं अनुमोदन, पण त्याच्याखाली दगडी पोढी हवी. नळातून पडणारं पाणी पोढीत.

बाभूळकाटा | शनिवार, सकाळी ९:५१

आणि पोढीत नाणी टाकू नयेत अशी पाटी. टाकतीलच.

उरणची_पोर | शनिवार, सकाळी ११:१५

नळ ठेवा नाहीतर जहाज ठेवा. माझ्याकडून कोयता.

चिरनेर किती जणांना माहीत आहे? मुंबईतून शिवडीचा पूल उतरलात की उरण, तिथून पुढे चिरनेर. २५ सप्टेंबर १९३०. अक्कादेवीच्या माळावर आजूबाजूच्या गावांतली माणसं जंगल सत्याग्रहाला जमली होती. मिठाचा कायदा दांडीला मोडला, आमच्याकडे जंगलाचा मोडला. हत्यार कोयता-कुऱ्हाड, गुन्हा झाड तोडणं. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. त्यात नाग्या महादू कातकरी होता. मामलेदार जोशी यांचाही गोळीने तिथेच जीव गेला. गावात हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी त्या दिवशी सलामी होते.

आजी सांगायची की त्या पिढीला 'फॉरेस्ट' हा शब्द शिवीसारखा होता. गोठ्याला वासा हवा तर परवानगी, चुलीला काटकी हवी तर पावती, गुरं आत शिरली तर कोंडवाडा. आपण म्युझियममध्ये 'वनसंरक्षणाचा इतिहास' अशी पाटी लावतो तेव्हा आमच्या गावात त्याचा अर्थ उलटा लागतो, एवढं लेकीला सांगा. झाड तोडणारा आमच्याकडे हुतात्मा आहे.

पागोळी | शनिवार, सकाळी ११:३२

हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग वाईट कोण?" मी म्हटलं भाजी निवडायला ये.

दप्तरदार | शनिवार, दुपारी १२:१०

उरणची_पोर, मीच लिहायला हवं होतं, तुम्ही आधी लिहिलंत. जोडून एवढंच : भांडण १९३० च्या खूप आधीचं आहे. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोठा वाद झाला तो राबावरून. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, भाताची रोपं टाकण्याआधी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून जाळतात, तो राब. वनखात्याला फांद्या छाटणं म्हणजे नासधूस वाटली. शेतकऱ्याला राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ चा. महात्मा फुलेही त्याच सुमारास शेतकऱ्यांची दैना मांडताना जंगल खात्याने गुरांची कुरणं गिळली म्हणून कडाडून लिहीत होते.

फौजदार, 'इंग्रजांनी राखलं' या दोन शब्दांत हे सगळं बसत नाही.

फुकटफौजदार | शनिवार, दुपारी १२:२६

बसत नसेल. पण राब जाळू दिला असता तर आज बोरिवलीत जंगल असतं का, याचं उत्तर कुणीच देत नाहीये. हक्क हक्क म्हणत आत वस्त्या वाढल्या, हेही खरं आहे ना? शेवटी कोर्टालाच सांगावं लागलं.

करवंद | शनिवार, दुपारी २:०५

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी आतला आहे. वारली. आमचा पाडा कुठला ते लिहित नाही.

फौजदार दादा, कोर्टाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. १९९५ मध्ये एका संस्थेने याचिका टाकली, १९९७ मध्ये हायकोर्टाने उद्यानातली अतिक्रमणं हटवा असा आदेश दिला. पुढच्या काळात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, लोकांना चांदिवलीला घरं देऊ केली. त्या यादीत 'अतिक्रमण' म्हणून आमचे पाडेपण धरले गेले. माझ्या आज्याचा जन्म तिथला. त्याच्याकडे रेशनकार्ड नव्हतं, तारखेचा पुरावा नव्हता. उद्यान नंतर आलं, पाडा आधीचा, पण कागद उद्यानाकडे होता.

वाढलेल्या वस्त्या होत्या, नाही म्हणत नाही. पण एकाच जाळ्यात सगळे मासे धरू नका.

आणि राबाचं म्हणाल तर आमची चाल आहे : कोवळं झाड छाटायचं नाही, आंब्याला नि मोहाला हात लावायचा नाही, वाघोबाच्या जागेजवळ कुऱ्हाड न्यायची नाही. वाघबारशीला वाघोबाला नारळ कोंबडी देतो, ती काय फोटोसाठी नाही. बिबट्या शेजारी राहतो तर शेजाऱ्याशी वागायची पद्धत असते.

वस्तू विचाराल तर कुड ठेवा. कारवीची भिंत. ताईंच्या मुलीने फुलं बघितली, आम्ही त्याच्या काठ्यांच्या घरात जन्मलो. आठ वर्षांनी फुलून, बी टाकून कारवी मरते आणि वाळलेल्या काठ्या तशाच उभ्या राहतात. त्या आणायच्या, शेणमातीने लिंपायच्या. आता त्याच काठीला हात लावला तर दंड. चित्रातली वारली घरं मात्र सगळीकडे, एअरपोर्टवरपण.

जुना_बोरिवलीकर | शनिवार, दुपारी २:४०

बाळा, तू लिहिलंस ते बरं झालं. आम्ही पन्नास वर्षं पार्कात फिरायला गेलो, काकड्या नि करवंदं तुमच्या बायकांकडून घेतली, पण त्या राहतात कुठे हे कधी विचारलं नाही.

सीप्झ_शिफ्ट | शनिवार, दुपारी ४:१८

मी आरेच्या रस्त्याने रोज कामाला जायचो. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रं लागली. मेट्रोच्या कारशेडसाठी. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर २,१०० हून जास्त झाडं आडवी झाली होती. सकाळच्या शिफ्टला बसमधून बघितलं, रात्री जिथे काळोख असायचा तिथे आभाळ दिसत होतं. पुढे कारशेड कांजूरला गेली, परत आरेत आली, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता मेट्रोने मीच जातो. एसी आहे, वेळ वाचतो. दोन्ही खरं आहे.

मी बुंध्यावर ठोकलेला नंबरचा पत्रा ठेवीन. ज्या झाडाला नंबर मिळाला त्याची पाळी आली, हे तिथेच कळलं.

फुकटफौजदार | शनिवार, दुपारी ४:३०

घ्या, आलंच आरे. आता कुठलं सरकार चांगलं नि कुठलं वाईट यावर तीन पानं होतील.

चौकीदार (व्यवस्थापन) | शनिवार, दुपारी ४:४५

होणार नाहीत. पक्षांवरचे पाच प्रतिसाद उडवले आहेत. धागा आठवीतल्या मुलीच्या प्रकल्पाचा आहे, मोठ्यांनी तसं वागावं.

रानपिंगळा | शनिवार, संध्याकाळी ६:२०

सगळे भांडून दमले असाल तर एक गमतीची गोष्ट. १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. आपण महिन्याला एकदा भेटू, जमवलेले नमुने एकमेकांना दाखवू, एवढाच बेत. ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सुरुवात. आठात दोन आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. स्वतःच्या बायकोशिवाय दुसरं काही न जमवणारी माणसं त्या काळी गिरगावात खूप होती, हे दोघे पाला नि मुळ्या जमवत होते.

सोसायटीच्या चिन्हावर धनेश आहे तो खरा होता. नाव विल्यम. १८९४ ते १९२०, सव्वीस वर्षं ऑफिसात राहिला. याच सोसायटीत पुढे खेतवाडीतला एक पोरगा मारलेली चिमणी घेऊन आला, ही कुठली म्हणून विचारायला. गळ्यावर पिवळा डाग होता. तो पोरगा सलीम अली.

बंदूक, मेलेली चिमणी आणि प्रश्न. दारात ठेवायला याहून चांगलं काय? पण नळ जास्त चांगला आहे, मान्य.

बाभूळकाटा | शनिवार, संध्याकाळी ६:३१

बायकोचं वाक्य चौकीदारांच्या नजरेतून सुटलं वाटतं.

लेणीवेडी | शनिवार, संध्याकाळी ६:३६

माझ्या नाही सुटलं. पिंगळेबुवा, बायको 'जमवायची' वस्तू नाही. पुढे बोला.

रानपिंगळा | शनिवार, संध्याकाळी ६:४९

चूक झाली. मान खाली. (पिंगळ्याला तीही पाऊण फेरा फिरवता येते.)

कळंबट | शनिवार, रात्री ९:१०

अवांतर. म्युझियमला जायला वेळ नसेल त्यांनी लोकलच्या पाट्या वाचाव्यात. वडाळ्याला वड, चिंचपोकळीला चिंच. बसने गेलात तर ताडदेवला ताड, फणसवाडीला फणस, उंबरखाडीला उंबर. झाडं गेली, नावांवर स्टेशनं नि नाके उभे आहेत.

पागोळी | शनिवार, रात्री ९:२२

अवांतर कसलं, हे मागच्या पानावर घेतलं तिने. नकाशाच काढतेय.

बिबट्याबद्दल कुणी लिहाल का? तिला एक दालन त्याचं हवंच आहे, आणि मला भीती वाटते की ते नुसतं गोंडस होईल.

रानपिंगळा | शनिवार, रात्री १०:०२

गोंडस नको. २००२ ते २००४ या काळात पार्काच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं गेली, त्यात लहान मुलं जास्त. पिंजरे लागले. नंतर लक्षात आलं की एका जागचा बिबट्या पकडून दुसऱ्या जंगलात सोडला की गोंधळ वाढतो. नवा मुलूख, नवे शेजारी, बावचळलेलं जनावर. इथेही बाहेरचे बिबटे आणून सोडलेले होते. २०११ पासून वनखात्याने अभ्यासक आणि मुंबईकर सोबत घेऊन काम केलं : कॅमेरे लावून गणना, पोलिसांना प्रशिक्षण, वस्त्यांत कचरा कमी करायचा म्हणजे कुत्री कमी, कुत्री कमी म्हणजे बिबट्या दारात कमी. आज पन्नासच्या आसपास बिबटे या जंगलात आणि कडेला राहतात. दालनात बिबट्या ठेवू नका, कचराकुंडी ठेवा.

करवंद | शनिवार, रात्री १०:३०

प्रशिक्षण आमच्याकडून घेतलं असतं तर स्वस्तात झालं असतं. अंधारात एकटं वाकून बसायचं नाही, बोलत चालायचं, पोराला मधे घ्यायचं, दिसला तर पळायचं नाही. आई हेच सांगते.

जुना_बोरिवलीकर | रविवार, सकाळी ७:१५

आत्ताच फिरून आलो. बोगद्याचं काम काढलंय, ठाणे-बोरिवली. डोंगराच्या पोटातून जाणार, सुमारे बारा किलोमीटर. वरची झाडं तशीच राहतील म्हणतात. तुमच्या म्युझियममध्ये एक खोली रिकामी ठेवा, पुढे लागेल.

पागोळी | रविवार, दुपारी १:४०

सगळ्यांचे आभार. लेकीने ठरवलं : दारात नळ, खाली पोढी. नळातून विहारचं पाणी. वर लिहिलंय, 'हे पाणी प्या. याच्यासाठी जंगल राहिलं.' मग डावीकडे जहाजाची फळी, उजवीकडे कोयता. मला आवडलं. चित्र रंगवून झालं की फोटो टाकते.

करवंद | रविवार, दुपारी २:१२

छान आहे ताई. एकच सांगू का, राग नका मानू. आमच्या पाड्यापासून तलाव हाकेच्या अंतरावर आहे. नळ नाही. बायका विहिरीवर जातात, मे महिन्यात ती पण तळाला जाते.

पागोळी | रविवार, दुपारी २:५०

वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही.

पागोळी | रविवार, संध्याकाळी ७:३५

नवं पान. नळ तिथेच आहे, पण आता तो भिंतीवर बसवलाय आणि भिंत कुडाची आहे. पाणी भिंतीच्या या बाजूला, पाहुण्यांकडे पडतं. मागच्या बाजूला रिकामा हंडा. मागे जायला वाट ठेवलीय, मुद्दाम अरुंद. वरचं वाक्य खोडून तिने तिचा पहिलाच प्रश्न परत लिहिलाय, 'मुंबईचं जंगल कोणी राखलं?', खाली ओळी मोकळ्या सोडल्यात.

फुकटफौजदार | रविवार, संध्याकाळी ७:४८

उद्घाटन कोणाच्या हस्ते?

बाभूळकाटा | रविवार, संध्याकाळी ७:५०

तुमच्या. नळ तुम्हीच सोडायचा, मग मागे जाऊन बघायचं.

पागोळी | रविवार, रात्री ८:०५

करवंददादा, घाईत आहे, वही उद्या सकाळी द्यायची आहे. कुडात काठ्या उभ्या असतात की आडव्या? तिने आडव्या काढल्यात आणि आता शंका येतेय.

करवंद | रविवार, रात्री ८:२०

उभ्या. जवळजवळ लावायच्या, मग आडव्या कांबी घालून बांधायच्या, मग लिंपायचं. खालच्या बाजूला थोडं लिंपण पडलेलं दाखव म्हणावं, पावसात पडतंच. आणि कोपऱ्यात कोंबडी.

पागोळी | रविवार, रात्री ८:२२

कोंबडी काढली. लिंपण पाडतेय.